जावयाला दिलेली दुनळी

औरंगाबादच्या कलेक्टर कचेरीत हत्यारांच्या परवान्याचं टेबल अनंतराव देऊळगावकरांकडे होतं, आणि ते तिथं बसतात म्हणूनच फुलंब्रीकडच्या निम्म्या बंदुका अजून भिंतीवर टांगलेल्या आहेत, असं त्या भागातले लोक मानत. खरं सांगायचं तर अनंतरावही मानत. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सरकारनं गावोगावची हत्यारं जमा करून घेतली होती. ती ज्याची त्याला परत मिळवून देण्याच्या कामी अनंतरावांनी वर्षभर खपून अर्ज लिहिले, मिसली हलवल्या, आणि तेव्हापासून लोक त्यांना कायदा कोळून प्यालेला माणूस समजू लागले.

कायदा त्यांनी कोळून प्यालेला होताही, पण तो जुन्या अमलातला, उर्दूतला. उर्दूतला कुठलाही हुकूम ते कलमासकट तोंडपाठ म्हणून दाखवत. मराठी तर घरचीच. घोडं पेंड खायचं ते इंग्रजीपाशी. अव्वल तालुकदाराचा कलेक्टर झाला, मिसलीची फाईल झाली, आणि हैदराबादेहून येणारा प्रत्येक कागद इंग्रजीत येऊ लागला. अनंतरावांचं वय तेव्हा पंचेचाळीस. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू येत. ती एकमेकांना जोडून काय म्हणतात, ते मात्र कळत नसे.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायची सोयही नव्हती, कारण शेजारच्या शाखेतल्या दोन जुन्या कारकुनांना इंग्रजी येत नाही म्हणून घरी बसवल्याचं सगळ्या कचेरीनं पाहिलं होतं. मग अनंतरावांनी एक रीत बसवली. कागद आला की तो हातभर लांब धरायचा, ओठ हलवायचे, दोनदा मान डोलवायची, आणि खाली ‘पाहिलं’ या अर्थाचा, गिरवून गिरवून हातात बसवलेला एक इंग्रजी शब्द लिहून सही ठोकायची. कागदाला उत्तर पाठवायचं असेल तर टायपिस्टला विचारायचं, “तुमचं यावर काय मत पडतं?” तो बिचारा मत द्यायच्या नादात अख्खा कागद समजावून सांगे आणि अनंतराव “माझंही तेच” म्हणत. अशी सहा वर्षं निघाली. फसवणूक करणाऱ्याला आपण फसवतो आहोत हे पहिलं वर्षभर टोचतं, नंतर त्याची सवय होते.

चोपन्न सालच्या संक्रांतीआधी पुंजाराम पाटील कचेरीत आले. फुलंब्रीच्या पलीकडे त्यांची जमीन, वय साठीला टेकलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अनंतरावांनी उठून त्यांना खुर्ची दिली, आणि ते खुर्ची फार थोड्यांना देत. अठ्ठेचाळीस सालच्या धामधुमीत अनंतरावांची बायको भानुमती आणि मुलगा चार महिने पुंजाराम पाटलांच्या घरी राहिले होते. पाटील तेव्हा दुनळी बंदूक मांडीवर घेऊन दारात बसत. गोळी एकही सुटली नाही, पण भानुमतीबाई अजूनही देवासमोर हात जोडताना पाटलांचं नाव घेत.

पाटलांचं काम त्याच दुनळीचं होतं. डोळे गेल्यानं आता ती त्यांच्या कामाची नव्हती. मुलगा नाही, एकुलती एक लेक वच्छला. ती दिली होती अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरच्या पलीकडे, म्हणजे हैदराबाद राज्याची हद्द ओलांडून मुंबई राज्यात. तिथं रानडुकरांनी जावयाचा, बद्रीनाथचा, भुईमूग मुळासकट उकरून टाकला होता. बंदूक जावयाला द्यायची, तर सरकारदरबारी काय करावं लागतं, एवढंच पाटलांना विचारायचं होतं.

“माज्या नावची हाय. त्याच्या हातात दिली तर कायद्यात बसतंय का, तेवढं बघा,” पाटील म्हणाले.

टेबलासमोर आणखी तीन गावांची तीन माणसं कामासाठी बसलेली होती. चौघांचे आठ डोळे आपल्या तोंडाकडे लागलेले पाहिले की अनंतरावांना चढत असे. जुन्या अमलात तहसिलीत साधा अर्ज टाकला की बापाची बंदूक मुलाच्या आणि सासऱ्याची जावयाच्या नावावर चढलेली त्यांनी डझनभर वेळा पाहिली होती. नवीन काय आलं आहे, हे त्या टेबलाच्या खणात होतं, इंग्रजीत. पण खण उघडून टायपिस्टचं मत विचारायला जायचं, तर या चौघांसमोर कसं जायचं? अनंतराव मागे रेलून म्हणाले, “पाटील, हत्यार घरातल्या घरात द्यायला कसली आलीय परवानगी? जावई म्हणजे मुलगाच. परवाना सोबत ठेवा, खुशाल देऊन या. नंतर तो तिकडं आपलं नाव चढवून घेईल.”

पाटलांनी चार ओळींची चिठ्ठी मागितली. नाक्यावर कुणी अडवलंच तर दाखवता येईल, म्हणून. अनंतराव हसले. चिठ्ठी कशाला, माझं नाव सांगा, म्हणाले.

वच्छलाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण अजून मूलबाळ नव्हतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही ही पाटलांच्या घराण्याची रीत. तेव्हा जावयाच्या दारात जाऊन बंदूक देण्याचा प्रश्नच नव्हता. पाटलांनी बद्रीनाथला फर्दापुरापर्यंत बोलावून घेतलं आणि स्वतः मोटारीनं तिथं गेले. देवाणघेवाण करायला त्यांनी जागा निवडली ती हद्दीवरच्या करोडगिरी, म्हणजे जकात नाक्यासमोरच्या लिंबाखालची, कारण तिथं सावली चांगली होती. पाटावर नवं धोतर अंथरून त्यावर दुनळी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, जावयाला फेटा बांधला आणि मग बंदूक दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली. मनात चोरी असती तर माणूस आडरानातून गेला असता. पाटलांनी उलट नाक्यावरच्या जमादाराला बोलावून खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. जमादारानं तो खाल्ला, तोंड पुसलं आणि परवाना बघायला मागितला.

परवान्यावर नाव पुंजारामाचं, बंदूक बद्रीनाथच्या हातात, आणि बद्रीनाथचं गाव परराज्यात. जमादारानं बंदूक जप्त केली आणि सासऱ्या-जावयाला अजिंठ्याच्या ठाण्यात नेलं. दोन दिवस दोघं कोठडीत होते. मग जामीन झाला. पण बद्रीनाथच्या घरी आकाशपाताळ एक झालं. सासऱ्यानं जावयाला आंदण म्हणून बेड्या दिल्या, असं व्याही म्हणाले, आणि या खटल्याचा निकाल लागेपर्यंत हिचं तोंड नको, असं सांगून त्यांनी वच्छलाला माहेरी पाठवून दिलं.

अनंतरावांना हे सगळं कळलं ते मिसलीतून. मिसल त्यांच्याच टेबलावर आली. पाटलांचा जबाब त्यांनी तीनदा वाचला, कारण तो मराठीत होता. हत्यार असं देता येतं हे तुला कोणी सांगितलं, असं जमादारानं तीन वेळा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा उत्तर एकच होतं. कुणी सांगितलं नाही, मी अडाणी माणूस, मला वाटलं चालतं. अनंतरावांचं नाव त्यात कुठंच नव्हतं. ते त्यांनी शोधलं होतं हे मात्र खरं, आणि ते सापडलं नाही तेव्हा त्यांना आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

डेप्युटी कलेक्टर पुण्याकडचे होते, पस्तिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी अनंतरावांना आत बोलावलं. मागल्या वर्षी हैदराबादेहून एक परिपत्रक आलं होतं, ते प्रत्येक परवानाधारकाला समजावून सांगायचं होतं, आणि त्यावर तुमची सही आहे, असं म्हणून त्यांनी विचारलं, “या पुंजारामाला ते कळवलं होतं का?”

बघून सांगतो, अनंतराव म्हणाले.

“नीट बघा. कळवलं नसेल तर चूक आपली आहे. मी दोघांना समज देईन, बंदूक सध्या ठाण्यात ठेवीन आणि मिसल बंद करीन. पण कळवूनही त्यानं हे केलं असेल, तर मिसल कोर्टात जाईल आणि सासरा-जावई दोघं हर्सूलच्या तुरुंगात जातील. उद्या लेखी द्या.”

तो कागद अनंतरावांनी खणातून काढला आणि घडी करून कोटाच्या खिशात घातला. आता टायपिस्टला मत विचारण्यात अर्थ नव्हता, तो लगेच ओळखता. घरी सूनबाई होती, उमा, पुण्याकडची, मॅट्रिक झालेली. सासऱ्यानं सुनेपुढं कागद धरायचा, म्हणजे काय ते त्या काळच्या माणसांना विचारा. पण अनंतराव संध्याकाळी हातपाय न धुताच तिच्यासमोर उभे राहिले. चष्म्याचा नंबर वाढलाय, बारीक अक्षर दिसत नाही, असं म्हणाले. टपोऱ्या अक्षरांत छापलेला तो कागद उमानं हातात घेतला, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता एकेक वाक्य वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगत गेली.

परवान्यावरचं हत्यार दुसऱ्या कुणालाही, मग तो मुलगा असो, भाऊ असो की जावई, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय देता येणार नाही. घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर आधी त्यानं आपल्या जिल्ह्यात स्वतःचा परवाना काढावा, तो इकडे दाखवावा, आणि मग हद्दीपलीकडे हत्यार नेण्यासाठी वेगळा पास घ्यावा. नात्यातल्या माणसाला हा नियम लागू नाही, असा समज जुन्या परवानाधारकांत आहे. तो दूर करावा.

शेवटचं वाक्य सांगताना उमाचा आवाज जरा खाली आला. कागदाची घडी घालून तिनं तो परत दिला तो जमिनीकडे बघत. तिला कळलं होतं. अनंतरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. जमीन अशा वेळी दुभंगत नसते, चुलीवरची भाकरीसुद्धा करपत नाही. भानुमतीबाईंनी नेहमीसारखं जेवायला वाढलं आणि विचारलं, पाटलांचं काय झालं हो, तुमच्याच हातात आहे ना ते? अनंतराव हो म्हणाले.

हातात होतं हे खरंच. पाटलांना वाचवायचं तर ‘कळवलं नाही’ असे दोन शब्द लिहायचे होते. पण का कळवलं नाही, असं साहेब विचारणार. कागद वाचला नाही का? वाचला तर कळला नाही का? चार वर्षांनी पेन्शन होती, मुलाची नोकरी अजून कायम नव्हती. आणि याहून मोठी गोष्ट, जी ते स्वतःशीही बोलत नव्हते, ती ही, की उद्यापासून कचेरीतला शिपाईसुद्धा म्हणेल, या अनंतरावाला कागदच वाचता येत नाही. नोकरी जाण्याची भीती माणूस बायकोला सांगू शकतो. ही भीती कुणाला सांगायची?

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुबक मराठीत टिपण लिहिलं, साहेब मराठी चालवून घेत. ‘सर्व परवानाधारकांस परिपत्रकाची तोंडी समज देण्यात आली होती.’ तोंडी हा शब्द त्यांनी विचार करून घातला. तोंडी गोष्टीचा पुरावा कोण मागणार? अक्षर मात्र थरथरलं नाही, आणि त्याचंच त्यांना पुढं फार दिवस नवल वाटत राहिलं.

आठ दिवसांनी सुनावणी लागली. पाटील एकटेच आले. धुवून आणलेला फेटा, हातात काठी. टेबलाच्या या बाजूला साहेब, त्यांच्या डाव्या हाताला मिसल घेऊन उभे अनंतराव, आणि समोर पाटील. डोळे अधू असल्यानं पाटलांना अनंतराव नीट दिसत नसावेत, किंवा दिसत असावेत. अनंतराव मिसलीच्या दोरीकडे बघत राहिले.

साहेबांनी टिपण वाचून दाखवलं. कचेरी म्हणते की तुम्हांला नियम समजावून सांगितला होता. हे खरं आहे का? नसेल तर आत्ता सांगा, साहेब म्हणाले, आणि तेच वाक्य त्यांनी सावकाश पुन्हा एकदा म्हटलं. इतका मोकळा दरवाजा सरकार माणसाला क्वचितच उघडून देतं.

अनंतरावांना वाटलं, आता हा माणूस माझं नाव घेणार. घेऊ दे, असंही वाटलं. कुणीतरी आपल्याला ढकलून द्यावं म्हणजे स्वतः उडी मारायला नको, अशी ती भेकड इच्छा होती.

“व्हय साहेब,” पाटील म्हणाले. “सांगितलं व्हतं. म्याच इसरलो.”

साहेबांनी एकदा पाटलांकडे आणि एकदा अनंतरावांकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक, पण समोर कागद होता आणि कागदाला दुजोरा होता. मिसल कोर्टाकडे पाठवावी, परवाना रद्द करावा, असा हुकूम टाईप झाला, साहेबांनी त्यावर सही केली, आणि एक प्रत पाटलांच्या हाती आली. अनंतरावांनी मिसलीची दोरी पुन्हा बांधली.

पाटील बाहेर पडले तसे अनंतराव मागोमाग व्हरांड्यात गेले. काय बोलणार होते देव जाणे. माफ करा म्हणणार होते, की वकील बघून देतो म्हणणार होते, त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. पाटील खांबाला टेकून उभे होते. अनंतरावांची चाहूल लागताच तेच आधी बोलले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, म्हणाले. एवढा मोठा दफ्तराचा पसारा तुमच्या डोक्यावर, त्यात एखादी गोष्ट सांगायची राहून जाते. माझं वय झालं, मला हर्सूल काय आणि घर काय. जावयाचं तेवढं वाईट वाटतं, आणि पोरगी चूल सोडून येऊन बसली आहे त्याचं.

म्हणजे पाटलांना वाटत होतं, अनंतराव विसरले. कामाच्या रगाड्यात जाणता माणूसही विसरतो, एवढाच त्यांचा समज होता, आणि त्या जाणत्या माणसाची अब्रू राखायला ते तुरुंगात जायला निघाले होते.

पाटलांनी हुकुमाची प्रत पुढे केली. “यात जावयाचं काय लिव्हलंय ते जरा वाचून सांगा. त्याच्या बापाला जाऊन सांगायचंय.”

अनंतरावांनी कागद घेतला. हात आपोआप लांब गेला, ओठ हलायला लागले, मान एकदा डोललीही. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा आंधळ्या होत चाललेल्या माणसासमोर ते हे नाटक करत होते. कुणासाठी? त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की कागद खाली आला.

“पाटील, मला हे वाचता येत नाही,” ते म्हणाले. “बंदुकीचा तो मागल्या सालचा हुकूमही मी वाचला नव्हता. इंग्रजी मला येत नाही.”

पाटलांनी काठी खांबाला टेकवली आणि तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग म्हणाले, “मंग तवाच सांगायचं नाय का, अनंतराव. म्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं.”

रागानं नाही म्हणाले. रागावले असते तर अनंतराव सोसते, पायही धरते. पण पाटलांनी ते इतक्या साधेपणानं म्हटलं की त्यात लपायला जागाच उरली नाही. एवढंच करायचं होतं. मला येत नाही, दुसऱ्याला विचारा. त्या दिवशी चार माणसांसमोर एवढे चार शब्द जड झाले, म्हणून सासरा-जावई खटल्यात आणि एक पोरगी माहेरी.

अनंतराव कागद घेऊन तसेच वळले. दारावरचा शिपाई म्हणाला, साहेब जेवायला बसतायत. त्याला बाजूला सारून ते आत गेले. साहेबांनी नुकताच डबा उघडला होता. शेजारच्या टेबलावर टायपिस्ट होता, कोपऱ्यात आणखी दोन कारकून होते, आणि दार उघडंच राहिलं होतं. अनंतरावांनी हुकुमाची प्रत साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

“साहेब, हा हुकूम मला वाचून दाखवा. मला इंग्रजी येत नाही. ते परिपत्रक मी वाचलं नव्हतं, पुंजारामाला सांगितलं नव्हतं. उलट जावयाला बंदूक खुशाल द्या, असं मीच सांगितलं. टिपण खोटं आहे.”

टाईपरायटर थांबला. साहेबांनी डब्यावर झाकण ठेवलं, हुकुमाची मूळ प्रत ओढून घेतली आणि आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली. मिसल बंद, दोघांना समज, असं त्यांनी त्याखाली लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, “अशी न वाचता सही केलेली आणखी किती परिपत्रकं आहेत?”

“सगळीच, साहेब,” अनंतराव म्हणाले.